एकुलत्या एकात डावं-उजवं

९ फेब्रुवारी

मुला,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने मांडायला मी काही दुकान उघडलेलं नाही.

तुझं पत्र पोचलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण तू लिहितोस चारच ओळी, तेव्हा तेवढं शिक्षण पुरतं. पहिली ओळ: घरामागची खोली अठरा एप्रिलपर्यंत रिकामी कर, खोक्यांच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायची आहे. दुसरी: मी स्वतः त्याला घेऊन येतो. तिसरी: पोरीला सांग, तिची हापिसातली जागा अजून भरलेली नाही. आणि चौथी, जी तू बहुधा पाकीट चिकटवता चिकटवता घुसडलीस: 'आई, तू जन्मभर डावं-उजवं केलंस, आता तरी करू नकोस.'

पहिल्या तिन्हींचं नंतर बघू. चौथीचं आधी. अरे, एकुलता एक तू. तुझ्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. डावं-उजवं करायला दुसरं पोर होतं कुठे घरात? शेजारच्यांच्या मांजरीला कधी दूध घातलं असेल, त्याचा राग धरून बसला असशील तर तसं स्पष्ट लिही.

आता खोलीचं. घर कागदावर तुझं आहे, छप्पर तू घातलंस, हे मी विसरलेली नाही. विसरले तर तू आठवण करशीलच. पण तुझी लेक आठ महिन्यांपूर्वी एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली तेव्हाची गोष्ट तुला माहीत नाही. म्हणाली, "आजी, मी नोकरी सोडली." मी म्हटलं, "बरं. आता चप्पल सोड आणि आत ये." आत आली ती महिनाभर खाटेवर पडून होती. छताकडे बघायची. मी विचारायचे, "काय दिसतं गं वर?" म्हणायची, "काही नाही." जेवायला बोलावलं तर जेवायची, नाही बोलावलं तर नाही. तू मला फोनवर म्हणालास, ती आळशी आहे. आळशी माणूस मी ओळखते, आळशी माणूस जेवायला स्वतःहून येतो.

मग एका दुपारी मी झोपून उठले, तर पोरगी स्वयंपाकघरात माझं स्टूल उलटं करून बसलेली. त्याचा एक पाय दहा वर्षं डुगडुगत होता. माझी भाजीची सुरी, एक दगड आणि जुन्या दाराची बिजागरी, एवढ्या सामानावर तिने तो पाय बसवला. ते स्टूल आता माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्या दिवसापासून ती छताकडे बघत नाही. शेजारणीची खुर्ची झाली, शाळेची दोन बाकं झाली, शिंप्याचं मेज झालं. लोक आणून देतात, ती नीट करून देते. सगळं माझ्या स्वयंपाकघरात. चहात भुसा येतो.

म्हणून तिला मागची खोली हवी आहे. तिथे ती स्वतःचं काम मांडेल. तू तिथे खोकी भरलीस तर ती पुन्हा हापिसात जाईल, नाही असं नाही, पण तिथून पुन्हा खाटेवर येईल. ते तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलं आहे.

खोली देऊ नकोस. एवढंच मागणं आहे. फोन करीत नाही, कारण फोनवर तू 'बरं बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद निदान हातात धरावा लागतो.

तुझी आई


२३ फेब्रुवारी

मुला,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहिते, तू वाच, वाटणी सरळ आहे.

रविवारी मी आणि खार जुन्या बाजारात गेलो. खार म्हणजे तुझी लेकच. लहानपणी मिळेल तो खिळा, मिळेल तो स्क्रू गादीखाली नेऊन ठेवायची म्हणून तूच ते नाव ठेवलंस. तुझ्या जिभेवरून उतरलं असेल, माझ्या नाही.

तिला अवजारांतलं काही कळत नाही. मला कळतं. हसू नकोस. तुझ्या वडिलांच्या बाकड्यासमोर मी बत्तीस वर्षं उभी राहिले. ते कापायचे, मी फळीचं दुसरं टोक धरायचे. ते हात पुढे करायचे, मी अवजार द्यायचे. 'पटाशी' हा शब्द पुरा होईपर्यंत पटाशी हातात. एक फळी मी स्वतः कापली नाही, पण कोणतं अवजार खरं आणि कोणतं नुसतं चकचकीत, ते मला विचारावं. ती सगळी अवजारं घरात असती तर बाजारात जावंच लागलं नसतं. पण ते गेल्यावर आठ दिवसांत मी ती त्यांच्या जोडीदाराला, मिस्त्रीला, देऊन टाकली. जागा अडत होती.

तर बाजार. ताडपत्रीखाली एक जाडा गृहस्थ भंगार मांडून बसलेला. खारीला लांबूनच एक करवत दिसली आणि तिचे डोळे दिव्यासारखे पेटले. मी तिला चिमटा काढला. जिथे पहिली नजर पडते तिथे किंमत चढते, हे तिला तुम्ही कुणी शिकवलेलंच नाही. मी एक कुलूप उचललं.

"हे काय म्हणतं?"

"आजी, त्याला किल्ली नाही."

"मग कुलूप कशाला म्हणतोस? गोटा म्हण."

मग एक नळ, मग एक तुटका कंदील, मग शेवटी करवतीकडे पायाने खूण केली. "आणि ही गंजकी पट्टी?"

"पट्टी नाही आजी, करवत आहे. जुन्या कारखान्यातली."

"असं होय. म्हणजे माझ्याच वयाची."

उचलली. टोक वाकवून मुठीपर्यंत आणलं आणि सोडलं. सरळ झाली, जराही पीळ राहिला नाही. मग नखाने टिचकी मारली. चांगल्या करवतीचा आवाज शेवटपर्यंत जातो, हलकीचा मध्येच मरतो. ही गायला लागली. आता तो आवाज त्यालाही ऐकू गेला असता, म्हणून मी मोठ्याने खोकले. एवढी खोकले की त्याने मला पाणी दिलं.

पाणी पिऊन मी त्याला अर्ध्याहून खाली आणलं, आणि वर मुठी नसलेल्या तीन पटाश्या आणि एक गुण्या, म्हणजे कोन बघायची पट्टी, फुकट घेतली. खारीला चाळीस अवजारांची एक लाल पेटी घ्यायची होती. मी म्हटलं, "ठेव खाली. चाळीस जावई आहेत ते, कामाला एक नाही." निघताना तो म्हणाला, "आजी, पुढच्या रविवारी येऊ नका." मी म्हटलं, "येणार. एक शेगडा बघून ठेव, लाकूड घट्ट धरणारा. दात झिजलेला नको, माझ्यासारखा."

आल्यावर खारीने सगळं घासलं. रॉकेल, विटेचा चुरा आणि तुझा जुना सदरा. पटाश्यांच्या मुठी मोडक्या खाटेच्या पायापासून केल्या. त्याच खाटेच्या, जिच्यावर ती पडून असायची.

खोलीबद्दल कळव.

तुझी आई


८ मार्च

मुला,

तुझं उत्तर आलं. या वेळी पाच ओळी. प्रगती आहे.

लिहितोस, 'सुतारकीने या घरात कुणाचं भलं केलं? व्यापाऱ्याशी बोलणं झालं आहे. अठराला येतो.' कुणाचं भलं केलं म्हणजे? तुझं पोट तिनेच भरलं. तुझी वह्या-पुस्तकं तिनेच आणली, ज्यांच्या जोरावर तू आज मला ओळी मोजून पाठवतोस. तुझा स्वतःचा हात त्या कामात बसला नाही, हे खरं. सगळ्यांचा बसत नाही. पहिल्यापासून उतावळा तू. पळताना पडून हनुवटी फोडून घेतलीस, ती खूण अजून दाढीत दिसते. पण बापाला जमलं नाही म्हणून लेकीनेही करू नये, हे कुठलं शास्त्र?

असो. तुला राग येणारच आहे, तर पुरता येऊ दे. आम्ही खोली मांडली.

बाकड्यासाठी फळ्या घ्याव्या तर आवाक्याबाहेर. पण पलीकडच्या रस्त्यावर जुना दवाखाना पाडत होते. त्याचं दार पाहून ठेवलं. चार बोटं जाड, एका माणसाला न हलणारं. मुकादम म्हणाला, "घेऊन जा, पण आत्ता न्या, आणि तुमचं तुम्ही न्या." त्याला वाटलं म्हातारी आणि पोरगी, काय नेणार. आम्ही हातगाडी घेऊन गेलो होतो. त्याच्याच दोन गड्यांनी दार गाडीवर चढवलं, कारण मी तिथेच दारावर बसून राहिले.

त्या दाराला खारीने तुळयांचे पाय लावले. खिडकी कुठल्या बाजूला हवी ते मला पाठ होतं. 'उजेड डावीकडून, उजेड डावीकडून,' हे तुझे वडील इतक्यांदा म्हणायचे की ते वाक्य माझ्या कानातच राहायला आलंय. तसंच बाकडं भिंतीला लावलं, खिडकी डाव्या हाताला.

अवजारं कशी लावायची ते मात्र त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. ते माझ्या हातांना माहीत होतं. मी बाकड्यापुढे उभी राहिले, डोळे मिटले आणि हात सोडले. करवती डाव्या हाताला. त्यांच्याखाली हातोडी आणि लाकडी मोगरी. पटाश्या उजव्या हाताला, रुंदीप्रमाणे. शेगडा बाकड्याच्या उजव्या टोकाला. हात जिथे जिथे गेले तिथे तिथे खारीने खिळा ठोकला. मग कोळशाने भिंतीवर एकेका अवजाराची आकृती काढली, म्हणजे एखादं जागेवर नसलं की भिंतच चुगली करते. खिळे-स्क्रूंच्या बरण्यांची झाकणं फळीला खालून ठोकली. बरणी फिरवून काढायची, फिरवून लावायची. खणांवर खार नावं लिहायला निघाली. मी म्हटलं, चष्मा शोधेपर्यंत कामाचा दिवस मावळेल. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलाच एक खिळा ठोकून टाक. वाचायचं नाही, बघायचं.

सगळं झाल्यावर ती दिवसभर तिथे काम करत होती. संध्याकाळी म्हणाली, "आजी, काही शोधावंच लागत नाही गं. हात गेला की वस्तू तिथे." मी म्हटलं, "बत्तीस वर्षं उगाच नाही उभी राहिले." फुगले होते, खोटं कशाला बोलू.

कसं काम करते ते एकदा बघायला तरी ये. व्यापाऱ्याला घरी ठेवून.

तुझी आई


२२ मार्च

मुला,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं.

खारीला लांब रंधा हवा होता, फळी एकसारखी करायला. बाजारात मिळेना. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा मिस्त्रीकडे आहे, जा आणि माग. मिस्त्री आता काम करीत नाही, हात थरथरतात. त्याने तिला दिला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच फडक्यात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, कुणाच्या हातात जातोय ते बघितल्याशिवाय देणार नाही. तो माझा जोडीदार होता."

"बघ की. डोळे तरी थरथरत नाहीत ना?"

तो बाकड्याशी उभा राहिला. करवतीसाठी उजवा हात टाकला, तो पटाश्यांवर पडला. मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा पटाश्या. फळी अडकवायला डावीकडे वळला तर शेगडा नाही, शेगडा उजवीकडे. मग त्याने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटला. हसता हसता खाली बसला.

"वहिनी, हे तर डावखुऱ्याचं बाकडं मांडलंय तुम्ही!"

"काहीतरीच काय? जसं होतं तसंच लावलंय."

"जसं तुम्हाला दिसत होतं तसं लावलंय. तुम्ही उभ्या कुठे असायचात? समोर. तुमचा डावा तो त्याचा उजवा. सगळं उलटं आलंय!"

मुला, माझं तोंड उतरलं. बत्तीस वर्षं मी म्हणत आले की मला त्या माणसाचं काम पाठ आहे. पाठ होतं, पण समोरून. त्यांच्या बाजूला जाऊन एकदाही उभी राहिले नव्हते. मी खारीला म्हटलं, "काढ सगळं. उद्या नव्याने लावू."

ती म्हणाली, "काही काढायचं नाही. मला हे असंच हवंय."

आणि तिने करवत घेतली. डाव्या हाताने. लिहिते ती उजव्याने, जेवते उजव्याने, पण अवजार घ्यायची वेळ आली की डावा पुढे येतो. मिस्त्रीचं हसू थांबलं. तिच्या हाताकडे पाहत तो म्हणाला, "हा हात मी ओळखतो." मग चहा प्यायला, रंधा बाकड्यावर ठेवला, आणि दारातून वळून म्हणाला, "वहिनी, त्या पोराचं आपण डावं-उजवं करायला नको होतं."

आपण म्हणाला तो. तुम्ही म्हणाला नाही. चांगला माणूस आहे.

तेव्हा मला तुझी चौथी ओळ कळली. एकुलत्या एकात डावं-उजवं कुणाशी करणार, असं मी किती तोऱ्यात लिहिलं होतं तुला. दोघं होते की. दोन्ही हात तुझ्याच खांद्यांना होते.

पुढचं आज लिहवत नाही.

आई


२५ मार्च

मुला,

आज लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा बसणार नाही.

तुझे वडील दुष्ट नव्हते, हे तुला पटवायला लिहीत नाही, तुला ते माहीत आहे. त्यांच्या उस्तादाकडे एक डावखुरा कारागीर होता. दुसऱ्यांसाठी लावलेल्या यंत्रावर उलट्या हाताने काम करताना त्याची दोन बोटं गेली. ती यांनी उचलली होती. तू सात वर्षांचा झालास, डाव्या हाताने हातोडी धरायला लागलास, आणि ह्यांची झोप उडाली. म्हणाले, "हात बदलायला हवा." म्हणाले, "मला बांधवत नाही. तू बांध."

मी बांधला. जुन्या चादरीची पट्टी काढली, तुझा डावा हात कमरेशी घेतला आणि वर दोन गाठी. रोज सकाळी. ह्यांनी एकदा बांधून पाहिला होता, त्यांची गाठ तू सोडवलीस. माझी सुटत नसे. याचा मला तेव्हा अभिमान होता, तेही लिहून ठेवते. तू रडला नाहीस. नुसता माझ्याकडे बघायचास, आणि मी गाठीकडे बघायचे.

आणि हनुवटी. तू पळताना पडला नव्हतास. उजव्या खांद्यावर फळी घेऊन कामाच्या शेडची पायरी उतरत होतास, तोल गेला. माणूस पडताना हात पुढे करतो. तुझा एक हात फळीखाली होता, दुसरा मी बांधलेला होता. डॉक्टरकडे जाताना मी वाटेत पट्टी सोडली आणि माझ्या कमरेला खोचली. डॉक्टरने विचारलं, "कसा पडला?" मी म्हटलं, "पळताना." तू तोंडातून रक्त येत असताना माझ्याकडे बघितलंस. मग तूही सगळ्यांना तेच सांगायला लागलास. आठ मार्चच्या पत्रातही मी तेच लिहिलं, बघ. हे खोटं इतकं हाताळलं गेलंय की त्याला कधी धारच लावावी लागत नाही.

त्यानंतर पुन्हा बांधला नाही. पण तूही पुन्हा शेडमध्ये आला नाहीस. कोणत्याच हाताने आला नाहीस. हे म्हणायचे, "पोराचा हात बसला नाही." मी म्हणायचे, "नाही बसला." बाहेर त्रेचाळीस वर्षं हेच चाललं.

अवजारं मी आठ दिवसांत देऊन टाकली, ती जागा अडत होती म्हणून नाही. त्यांच्याकडे पाहिलं की मला ती पट्टी दिसायची.

ज्या दुपारी खार माझं स्टूल उलटं करून बसली, तेव्हा सुरी तिच्या डाव्या हातात होती. माझ्या जिभेवर आलं, 'त्या हाताने नको.' पुरतं आलं होतं. गिळलं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू बाकीचं विचारलं असतंस.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तुझ्यामागे आणखी एक काम कशाला लावू?

त्या कामाचा तुला राग आहे, तो बरोबर आहे. तो माझ्यावर काढ. मी इथेच आहे, लांब जायचं माझं वय नाही. पण अठरा तारखेला तू खोलीत खोकी भरलीस, तर या वेळी गाठ तुझ्या हातची असेल. तू माझा मुलगा आहेस, तुझीही सुटायची नाही.

आई


२० एप्रिल

मुला,

तू परवा येऊन गेलास. काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. पण तू पाठमोरा होतास. पाठीमागचं कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या पत्राचं उत्तर आलं नव्हतं. तेव्हा तू एकटा येतोस की व्यापाऱ्याला घेऊन, मला ठाऊक नव्हतं. फाटकात दोन माणसं दिसली, तेव्हा कळलं. तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. ते मला किती जड जातं, तू जाणतोस.

व्यापाऱ्याने आल्या आल्या मोजपट्टी काढून भिंतीला लावली. म्हणाला, "माल छान बसेल." खारीने मान वर केली नाही. फळीवर रेघ मारली, डाव्या हाताने करवत घेतली आणि कापायला लागली. तू उभा राहून बघत होतास. दहा महिन्यांत बापलेक एकमेकांशी शब्द बोलला नव्हतात. व्यापारी विचारत होता, छत गळतं का, उंदीर आहेत का. तुझं लक्ष करवतीवर होतं, म्हणून मी म्हटलं, "दोन्ही." एवढंच बोलले, ते धरू नकोस.

मग तू म्हणालास, "सावली पडतेय."

"काय?" खार म्हणाली.

"तुझ्या हाताची सावली. रेघेवर पडतेय. रेघ दिसत नाही तुला, अंदाजाने कापतेयस."

"मग काय करू?"

"उजेड उजवीकडून हवा. या हाताला."

बघ म्हणजे. सगळी खोली मी चुकून उलटी लावली, ती तिला बरोबर बसली. आणि जी एकच गोष्ट मी ह्यांचं ऐकून अगदी सरळ लावली, तीच नेमकी चुकली.

खार म्हणाली, "बाकडं समोरच्या भिंतीला फिरवून न्यावं लागेल. मला एकटीला उचलत नाही."

तू घड्याळ काढलंस, खिडकीत ठेवलंस आणि एक टोक धरलंस. खारीने मधला भार घेतला. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. तू व्यापाऱ्याला म्हणालास, "जरा तिकडून धरा."

"मी?"

"मग काय म्हातारी धरणार?"

बिचाऱ्याने पट्टी खिशात घातली आणि धरलं. दवाखान्याचं दार, तुळयांचे पाय, वर लोखंडी शेगडा. खोलीच्या मध्यावर त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. तशातही माणसाला धंदा सुचतो. म्हणाला, "म्हणजे, खोली देत नाही असं समजायचं का?"

तू म्हणालास, "आधी उचला."

इथवर तुला ठाऊक आहे. आता ठाऊक नसलेलं. बाकडं टेकलं, एका पायाखाली जमीन खोलगट निघाली. तू खाली बसलास, लाकडाची पाचर घेतलीस आणि हात मागे केलास. खारीने त्यात मोगरी दिली. तो तुझा डावा हात होता. तू तीन ठोके मारलेस. खार तुझ्या मागे उभी होती, आणि तिचा डावा हात तिच्या नकळत तुझ्याबरोबर हवेत वर-खाली होत होता. तीनदा. मी दारातून पाहिलं. मग मी चहा करायला गेले, कारण मला तिथे उभं राहायचं नव्हतं.

चहा घेऊन आले तर तुम्ही दोघं करवतीच्या दातांवरून भांडत होतात. चांगलं कडाक्याचं भांडण. व्यापाऱ्याचा चहा गार झाला. फाटकाशी तू त्याला 'नाही जमणार' म्हणालास, तेही मी ऐकलं, कान माझे शाबूत आहेत. आज त्याचा निरोप आला की त्याने दुसरी जागा पाहिली आहे आणि त्याची कंबर धरली आहे.

माझ्याशी तू 'येतो' एवढंच बोललास. ठीक आहे. तुझ्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते.

आता अडलंय असं की, माझ्या कोळशाच्या सगळ्या आकृत्या राहिल्या जुन्या भिंतीवर, आणि बाकडं गेलं नव्या भिंतीला. करवती खिडकीच्या बाजूला टांगायच्या की वर, हे खारीला कळत नाही. मला तर मुळीच कळत नाही, हे आता सिद्धच झालं. ती म्हणते, "आजी, तू बाबांना लिहितेसच आहेस, तर विचार." मी म्हटलं, "मी का? बत्तीस वर्षं मी कुणाच्या तरी समोर उभी राहून हातात वस्तू दिल्या. आता तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहणार नाही. पाय दुखतात." तर तिची वेगळी चिठ्ठी याच पाकिटात आहे. आकृती काढली आहे तिने खोलीची. मी वाचलेली नाही, बघितली फक्त.

उत्तर तिच्या नावाने टाक. चार ओळींत मावणार नाही, मोठा कागद घे.

मला काही लिहायचं झालंच तर वेगळ्या पाकिटात घाल. मला घाई नाही. वय आहे फक्त.

आई